मूल्यमापन गावासमोर होऊ दे

सोनई, ता. नेवासा

चि. वैशाली,


तुझ्या वाचन उपक्रमाचा आराखडा वाचला. मूल्यमापन तू वर्षअखेरीच्या तपासणीवर सोडलंस आणि पालकांना बोलावलंस ते फक्त समारोपाला. माझं सांगणं एवढंच, की ज्यांच्या मुलांसाठी उपक्रम आहे, त्यांना तो आखतानाही सोबत घे आणि जोखतानाही. भारतीय शिक्षण संस्थेने चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. दिवसा गुरं राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना तिथे येता आलं, कारण वर्गाची वेळ ठरवण्यात गावाचा शब्द होता. पुढे बालजत्रा भरू लागल्या आणि मुलं काय शिकली ते आईबापांना डोळ्यांनी पाहता आलं.

'पालक अडाणी, त्यांना काय कळणार?' असं तुला ऐकवलं जाईल. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या, त्या इतिवृत्तावर सही करण्यापुरत्या नव्हेत. शाळा विकास आराखडा करणं हे त्याच समितीचं काम आहे. वाचन जोखणंही त्यांच्या आवाक्यातलं आहे. 'प्रथम' या संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा साध्या पायऱ्यांनी वाचन तपासते. मूल कुठे अडखळतं, हे निरक्षर आईलाही ऐकून उमगतं. समितीत गावचं राजकारण शिरेल, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून वाचन सर्वांसमोर घे, नोंदी भिंतीवर लाव आणि बाहेरची तपासणीही राहू दे. दोन्हींत तफावत आली, तर तिथूनच चर्चा सुरू कर.

ऊसतोडीच्या पालकांना वेळ नसतो, हेही खरं. पण मुळा कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, येणारी मुलं हंगाम संपून पट्टा पडताच निघून जातात. वर्षअखेरीस हजर मुलांचीच सरासरी काढलीस, तर निकाल उजळ दिसेल आणि ही मुलं हिशेबातूनच गळतील. त्यांच्यासाठी बैठक संध्याकाळी कोप्यांवरच घे. उपक्रम सुरू होण्याआधी प्रत्येक आईला विचार, 'तुमच्या लेकराला काय आलं, म्हणजे हा उपक्रम जमला म्हणायचं?' उत्तरं तिच्याच शब्दांत इतिवृत्तात लिही आणि दर महिन्याला त्या उत्तरांशीच आपलं काम ताडून बघ.

तुझा,
मामा