पांढरा, पण कोणता?

(मोटारीचा एखादा भाग बदलला, तर त्याचा रंग बाकीच्या गाडीशी जुळवावा लागतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. भोसरीतल्या एका अंगणात ते कसे झाले, याची हकीकत या पाठात आली आहे.)

पुण्याच्या वायव्येला पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि या भागात कारखाने झपाट्याने वाढू लागले. आकुर्डीला स्कूटर आणि रिक्षा तयार होऊ लागल्या, पिंपरीला ट्रक. पुढे हा पट्टा नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणपर्यंत पोचला. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आज या रस्त्यावर उभे राहिले, तर नव्याकोऱ्या गाड्यांनी भरलेले लांबलचक ट्रेलर जाताना दिसतात. उन्हात त्यांचा रंग डोळे दिपवतो.

माझ्या चाचांकडे पांढरी टाटा सुमो होती. ही गाडी १९९४ साली बाजारात आली आणि ती पिंपरीलाच तयार होत असे. चाचा रोज भोसरीहून चाकणला कामगारांची ने-आण करत. २०११ सालची गोष्ट. एका रात्री एका टेम्पोने सुमोच्या मागच्या दाराला असा धक्का दिला, की दार कामातून गेले. नवे दार परवडणारे नव्हते. चाचांनी जुन्या बाजारातून दुसऱ्या सुमोचे दार आणले. तेही पांढरेच होते. पण त्याच्यावर एक पोचा होता आणि खालच्या कडेला गंज चढला होता. शिवाय कंपनीच्या माणसाने बजावले होते, “सोमवारी गाडी नीट दिसली नाही, तर आम्ही दुसरी गाडी लावू.” घराचा खर्च आणि गाडीचा हप्ता, दोन्ही त्याच फेऱ्यांवर चालत होते.

चाचांनी दुकानातून “पांढरा रंग द्या” म्हणून डबा आणला. बुधवारी संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांनी दार रंगवले. रात्री ते छान दिसले. सकाळी ऊन पडले आणि आम्ही पाहतच राहिलो. दार निळसर पांढरे, बाकी गाडी सायीसारखी पिवळसर! शेजारच्या मुलाने विचारले, “हे दार दुसऱ्याच्या गाडीचं आहे का?” खरे तर ते होतेच.

आमच्या गल्लीत एक काका राहत. एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमधून ते निवृत्त झाले होते. चाचांनी त्यांना बोलावले. काकांनी दाराकडे पाहिलेच नाही. ते दाराशेजारचा जुना पत्रा पाहत बसले. मग म्हणाले, “पांढरा म्हणजे कोणता पांढरा, हे आधी गाडीलाच विचारायला हवं.”

गाडीला विचारायचे म्हणजे काय? प्रत्येक गाडीच्या रंगाला कारखान्यात एक नाव आणि एक सांकेतिक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, फोक्सवॅगनच्या एका पांढऱ्या रंगाचे नाव आहे ‘कँडी व्हाइट’ आणि त्याचा क्रमांक आहे ‘एलबी९ए’. हा क्रमांक गाडीवरच एका पट्टीवर किंवा चिठ्ठीवर छापलेला असतो. कधी तो दाराच्या खांबावर असतो, कधी बॉनेटखाली, तर कधी डिकीत. रंगाच्या दुकानात तो क्रमांक सांगितला, की दुकानदार मूळ पांढऱ्या रंगात काळा, पिवळा, निळा असे रंग ठरलेल्या वजनाने मिसळून देतो.

पण क्रमांकाने मिळतो तो गाडीच्या जन्माच्या वेळचा रंग. त्यानंतर गाडी कित्येक उन्हाळे उन्हात उभी राहिलेली असते, कितीतरी पावसाळ्यांत भिजलेली असते. तिचा रंग हळूहळू बदलतो. म्हणून काकांनी आधी जुन्या पत्र्याचा एक हातभर भाग साबणाने धुऊन घेतला आणि पॉलिश लावून घासला. वरचा खडूसारखा थर निघून गेला आणि आतला खरा रंग दिसू लागला. जुळवायचा होता तो हा रंग.

तोवर दार तयार करायचे काम माझ्याकडे आले. पोचा काकांनी स्वतः काढला. पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरून त्यांनी वरून लाकडी हातोडीने हलके ठोके दिले. जोरात मारले तर पत्रा ताणला जातो आणि मग तो कधीच सपाट होत नाही. मी गंज घासून पत्रा चकचकीत केला. उरलेला खळगा लांबीने भरला. लांबी म्हणजे खळगे बुजवायचा लेप. त्यात हार्डनर मिसळला, की तो काही मिनिटांतच दगडासारखा घट्ट होतो. म्हणून एका वेळी थोडाच कालवायचा. मी पहिल्यांदा वाटीभर कालवला आणि त्यातला निम्मा वाटीतच वाळून गेला!

नंतर घासणे. पॉलिश पेपरचा क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक. आधी ८० नंबर, मग १८०, मग ३२०. मला वाटले, आता पत्रा आरशासारखा सपाट झाला. काकांनी त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला आणि पुन्हा घासायला सांगितले. उंच भागावरचा काळा रंग निघून गेला, खोलगट भागात मात्र तो तसाच राहिला. माझ्या सपाट पत्र्यावर काळ्या रंगाची चांगली सात-आठ बेटे उरली होती. डोळ्यांना जे दिसले नव्हते, ते त्या काळ्या ठिपक्यांनी दाखवले.

यानंतर प्राइमरचा थर द्यायचा. आपल्याकडे त्याला अस्तर म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. शेरवानीला आतून अस्तर असते, तसे रंगाला खालून अस्तर असते. त्यामुळे रंग पत्र्याला घट्ट धरून राहतो आणि गंजही लवकर चढत नाही. या कामातले आणखीही काही शब्द उर्दू आणि मराठीत सारखेच आहेत. रोगण आणि कारागीर हे त्यांपैकीच. ‘जिल्हई’, म्हणजे चकाकी, हा शब्द तुमच्या ‘जिला’पासून आलेला आहे. रंगाच्या एका थराला मराठीत ‘हात’ म्हणतात. ‘अस्तराचे दोन हात दिले’ असे ऐकले, तर चकित होऊ नका.

शनिवारी काकांनी रंग जुळवायला घेतला. क्रमांकाप्रमाणे आणलेल्या रंगात त्यांनी काडीने पिवळ्याचा एक थेंब टाकला, ढवळले आणि पत्र्याची एक छोटी पट्टी रंगवली. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. म्हणून पट्टी वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग ती गाडीवर टेकवून उन्हात पाहिली, सावलीत पाहिली, रात्री दिव्याखालीही पाहिली. एका उजेडात जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. चाचांची बुधवारची चूक अर्धी डब्याची होती आणि अर्धी ट्यूबलाइटची. चौथी पट्टी रविवारी सकाळी गाडीवर टेकवली, तेव्हा तिची कड शोधावी लागली.

सुमोचा रंग साधा होता, हे आमचे नशीब. चंदेरी रंग असता, तर काम फार अवघड झाले असते. अशा रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे बसतील, हे फवारणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. डबा एकच असला, तरी कोरडा फवारा उजळ दिसतो आणि ओला फवारा गडद. तेव्हा जाणकार कारागीर नवा रंग शेजारच्या भागावर विरळ होत जाईल असा पसरवतो. त्यामुळे कुठे जोडले, ते दिसत नाही.

फवारायच्या वेळी काकांनी मला अंगणाबाहेर काढले. मी नाकाला रुमाल बांधून तयार होतो. ते हसले नाहीत. म्हणाले, “रुमालानं धूळ अडते, हे विष नाही अडत.” अशा रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. ती श्वासावाटे गेली, तर कायमचा दमा जडू शकतो. थिनरही चटकन पेट घेतो. काकांनी तोंडाला खास मुखवटा लावला आणि स्वयंपाकघरातली शेगडी विझवायला सांगितली. घरातल्या लहान मुलांना दुसऱ्या गल्लीत पाठवले. मी भिंतीवरून पाहत होतो. गन पत्र्यापासून वीतभर दूर होती आणि हात क्षणभरही थांबत नव्हता. फवारा दाराच्या कडेबाहेर सुरू होई आणि पलीकडच्या कडेबाहेर संपे. थांबला, तर रंगाचा ओघळ आलाच.

कारखान्यात हेच काम वेगळ्या रीतीने होते. गाडीचा सांगाडा मोठ्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर अस्तर चढवतात. मग तो सुमारे १६० ते १८० अंश तापमानाच्या भट्टीतून नेतात. पुढचे फवारे यंत्रमानव मारतात. इतके सगळे करून रंगाची एकूण जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर! प्लॅस्टिकचा बंपर त्या भट्टीत टिकणार नाही, म्हणून तो बहुधा वेगळा रंगवतात. नवीन गाडीसुद्धा नीट पाहिली, तर कधीकधी बंपराची छटा किंचित वेगळी दिसते.

सोमवारी पहाटे चाचा चाकणला गेले. कंपनीच्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वहीत खूण केली. कोणते दार बदलले, ते त्याने विचारले. चाचांनी दाखवले, तेव्हा त्याने पुन्हा एकदा वाकून पाहिले.

दुपारी गाडी गल्लीत आली. काका उन्हात तिच्यासमोर बराच वेळ उभे होते.

“पिवळ्याचा अजून अर्धा थेंब हवा होता,” ते म्हणाले आणि घरी गेले.

स्वाध्याय

चाचांनी रंगवलेले दार रात्री छान आणि सकाळी वेगळे का दिसले? काळ्या फवाऱ्याचा काय उपयोग झाला? तुमच्या घरातल्या पाच पांढऱ्या वस्तू उन्हात शेजारी ठेवा आणि प्रत्येकीची छटा कोणती, ते एकेका वाक्यात लिहा.