लालबागच्या डंकावरून गावाकडे : मिरची कांडपाचा एक धडा



मार्च ते मे या काळात मुंबईला जाणे झाल्यास लालबागच्या मसाला गल्लीत एक फेरी अवश्य मारावी. दुकानासमोर मिरचीची पोती उघडी ठेवलेली असतात. बाया मिरची हातात घेऊन, मोडून, वास घेऊन पाहतात. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, तिखटपणासाठी पांडी किंवा लवंगी, दोन्हींसाठी संकेश्वरी असा त्यांचा हिशेब ठरलेला असतो. धने, लवंग, दगडफूल, नागकेशर, हळकुंड यांचे प्रमाण घरून कागदावर लिहून आणलेले असते. माल भाजून घ्यायचा, मग डंकावर, म्हणजे कांडप यंत्रावर, कुटून घ्यायचा. आपल्या मालात दुसऱ्याचा माल मिसळू नये म्हणून गिऱ्हाईक तेथेच, शिंकत का होईना, उभे राहते.

ही गल्ली गिरणगावाने वाढवली. कोकण, सातारा, कोल्हापूरकडून गिरणीत कामाला आलेल्या माणसांना आपापल्या गावच्या चवीचा मसाला लागे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, पण डंक थांबले नाहीत. पुड्यातला मसाला कोपऱ्यावर मिळत असताना लोक येथे वेळ मोडून येतात, कारण कुटला जाणारा माल ते डोळ्यांनी पाहतात.

आता आपल्या गावाकडे पहावे. मिरची आपण पिकवतो, पोत्यात भरून बाजार समितीत घालतो आणि आठवडे बाजारातून तिखटाचा पुडा विकत आणतो. पूर्वी गावात उखळ होते, गिरणीशेजारी कांडप असे. ते गेले तशी त्यांची मजुरीही गावाबाहेर गेली. मिरची उत्पादकाच्याच घरी पुड्यातले तिखट असावे, ही गोष्ट मला तरी लाजिरवाणी वाटते.

यंत्र आधी की गिऱ्हाईक आधी?

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका महिला गटाला मी पल्व्हरायझर घेण्याचा सल्ला दिला. कर्ज झाले, यंत्र आले, तिखटाचे पुडे भरून तयार झाले. ते घेणार कोण, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. दुकानदारांनी माल उधारीवर ठेवून घेतला आणि विकला गेला नाही तसा परत केला. त्यातच भर उन्हात सलग यंत्र चालवल्याने पूड तापून तपकिरी पडली व वास उडाला. यंत्र झाकून राहिले, हप्ते मात्र चालू राहिले.

लालबागमध्ये पैसा कसा फिरतो, हे मी नंतर नीट पाहिले. भाजण्याची मजुरी वेगळी, कुटण्याची वेगळी, आणि मसाला गिऱ्हाइकाचा. म्हणजे डंकवाल्याचे भांडवल मालात अडकत नाही. गावानेही सुरुवात येथूनच करावी. पहिले वर्ष पंचक्रोशीतील घरांचा मसाला मजुरीवर कुटून द्यावा. हाताला सवय होते, कोणाकडे कोणती चव चालते ते कळते आणि यंत्राचा हप्ता मजुरीतून निघू लागतो. पुडा भरण्याचा विचार त्यानंतर करावा. डंकात मुसळाचे घाव वरून पडत असल्याने माल पल्व्हरायझरपेक्षा कमी तापतो. काम सावकाश होते, पण वास टिकतो. पल्व्हरायझर आधीच असेल तर सकाळच्या गारव्यात, मधून मधून विश्रांती देऊन चालवावा.

माल शेतातच घडतो

यंत्र कितीही चांगले असले तरी खराब मिरचीचा चांगला मसाला होत नाही. पूर्ण लाल झालेलीच फळे तोडावीत. तोडणीनंतर एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवल्यास अर्धवट रंगलेली फळे लाल होतात. त्यानंतर ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर देऊन वाळवावीत. मातीवर मुळीच पसरू नयेत. संध्याकाळी गोळा करून झाकावे, म्हणजे दव धरणार नाही. 100 किलो ओल्या लाल मिरचीपासून साधारणपणे 25 ते 35 किलो वाळलेली मिरची मिळते. ओलावा 10 ते 11 टक्क्यांवर आला की मिरची हलवल्यावर आत बी खुळखुळते.

वजन वाढावे किंवा भरताना चुरा होऊ नये म्हणून मिरचीवर पाणी मारण्याची वाईट चाल आहे. त्याने बुरशी लागते व अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते भाजून किंवा कुटून जात नाही. रंगाचा मोह तर त्याहून घातक. 2003 साली युरोपात भारतीय तिखटात सुदान हा अखाद्य रंग सापडला आणि 2005 साली ब्रिटनमध्ये त्यामुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. भेसळ थोड्यांनी केली, संशय मात्र साऱ्या मिरचीवर आला.

पहिल्या खेपेस वजन तीनदा घ्यावे : देठांसह, देठ खुडल्यावर आणि कुटून चाळल्यावर. तूट किती येते ते समजल्याशिवाय भाव ठरवू नये. बहुतेक गट येथेच फसतात.

काम वाटावे, चव वाटू नये

गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. तोच पुढे लिज्जत झाला. तेथे पीठ केंद्रावर मळले जाते, लाटणे घरोघरी होते आणि पापड परत आल्यावर तपासून मजुरी दिली जाते. मसाल्यातही निवडणे व देठ खुडणे घरोघरी द्यावे. मोजमाप, भाजणे आणि कुटणे मात्र एकाच छपराखाली, एकाच जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीत ठेवावे.

विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना 2020 साली 35 टक्के अनुदानासह सुरू झाली. यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावेत.

आणखी एक. प्रत्येक खेपेतील थोडा मसाला कोरड्या बाटलीत घालून त्यावर तारीख आणि मिरची कोणाच्या शेतातली ते लिहून ठेवावे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले तर वाद न घालता त्याच्यासमोर ती बाटली उघडावी.