गाडी एक, उतारू तीन

गेल्या पावसाळ्यात आम्ही दादर स्टेशनाबाहेर उभे होतो. संध्याकाळची वेळ. पाऊस धो-धो कोसळत होता. शेजारी खेड्यातले एक आजोबा सुनेला घेऊन उभे होते. सुनेला परळच्या इस्पितळात दाखवायचे होते. तिने मोबाइलवर भाडे पाहिले. आजोबा चिडून म्हणाले, "अहो, सकाळी याच वाटेला ऐंशी रुपये पडले. आता एकशे चाळीस? हा काय न्याय झाला?"

आजोबांचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर आपण पाहू.

शहरात आता मोबाइलवर गाडी मागवतात. 'ओला' कंपनी २०१० साली मुंबईत निघाली. 'उबर' मूळची अमेरिकेची. ती २०१३ साली भारतात आली. या कंपन्या मधल्या अडत्याचे काम करतात. उतारू आणि गाडी यांची गाठ घालून देतात व त्याचे पैसे घेतात.

आठवडे बाजारात मेथी कमी आली, की जुडीचा भाव चढतो. इथेही तसेच. पण एक फरक आहे. ज्वारी कणगीत ठेवता येते. गाडीची फेरी ठेवता येत नाही. दुपारी दहा गाड्या रिकाम्या उभ्या होत्या, म्हणून त्या फेऱ्या संध्याकाळी उपयोगी पडत नाहीत.

मग कोणती गाडी कोणाला द्यावी? जी जवळ असेल ती, असे तुम्ही म्हणाल. पण दादरला रुळांच्या पलीकडची गाडी दिसायला जवळ. तिला पुलावरून वळसा घालून यावे लागते. म्हणून अंतर नव्हे, वेळ मोजावी लागते.

आता एक हिशेब करा. समजा, गंगूबाईने आधी गाडी मागवली. पहिली गाडी तिच्यापाशी २ मिनिटांत येते, दुसरी ४ मिनिटांत. लगेच सखारामनेही गाडी मागवली. त्याच्यापाशी पहिली गाडी ३ मिनिटांत येते, दुसरी १५ मिनिटांत. गंगूबाईला पहिली दिली, तर दोघांची मिळून १७ मिनिटे जातात. तिला दुसरी दिली, तर ७ मिनिटांतच भागते. म्हणून यंत्र काही क्षण थांबते, सगळ्यांची मागणी एकत्र पाहते आणि मग गाड्या वाटते.

पण गाडी एक आणि उतारू तीन असले, तर वाटणार काय? तेव्हा भाडे चढवतात. ज्याला घाई नाही तो थांबतो, किंवा बसने जातो. वाढीव भाडे पाहून लांबचे गाडीवाले तिकडे येतात.

यात गाडीवाल्याचा फायदाच होतो का? आम्हाला नेणारा गाडीवाला म्हणाला, "काका, भाडं चढलं म्हणून धावत जावं, तर माझ्यासारखे पन्नास जण तिथं हजर! तोवर भाडं उतरतं. गॅस माझा जळतो. आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही."

गरजवंताची अडवणूक होऊ नये, म्हणून सरकारने मर्यादा घातली. २०२० साली केंद्र सरकारने सांगितले, की वाढीव भाडे मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे. २०२५ च्या नव्या सूचनांत दुपटीपर्यंत मुभा दिली.

तुम्ही शहरात गेलात, तर एवढे ध्यानात ठेवा. गाडी मागवण्याआधी भाड्याचा आकडा वाचा. दोन ठिकाणी भाडे पाहा. घाई नसेल तर जरा थांबा. रोगी अत्यवस्थ असेल, तर भाड्याच्या गाडीची वाट पाहू नका. १०८ या क्रमांकावर फोन करा. ती रुग्णवाहिका फुकट येते.

त्या दिवशी सुनेची तब्येत ठीक होती. आजोबा अर्धा तास थांबले. पाऊस ओसरला. सुनेने पुन्हा मोबाइल पाहिला आणि मोठ्याने आकडा वाचला, "पंच्याऐंशी."

आजोबा हसले. म्हणाले, "म्हणजे हाही बाजारच! भाव वाचल्याशिवाय पिशवी पुढं करू नये."