जुन्या जीपच्या गिअरपेटीचें अडकलेलें बूच

ज्या शेतकऱ्यांजवळ जुनी जीपगाडी आहे, त्यांस एक गोष्ट प्रारंभींच सांगून ठेवणें अवश्य वाटतें. ती ही कीं, गिअरपेटींतील तेल बदलावयाचें असेल तर तेल सोडण्याचें खालचें बूच सैल करण्यापूर्वीं तेल भरण्याचें बाजूचें बूच उघडून पाहावें. हा क्रम उलटा झाला व बाजूचें बूच गंजून बसलेलें निघालें, म्हणजे पेटी रिकामी, नवें तेल आंत घालण्यास वाट नाहीं, आणि गाडी जागच्या जागीं खिळलेली, अशी अवस्था होते. ऊसतोडणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत असा खोळंबा किती महाग पडतो, तें ज्याचें त्यास ठाऊक. कोरड्या पेटीनिशीं गाडी चार मैल चालवीत नेऊन गांवच्या कारागिरास दाखवावी, असा विचार मात्र कोणीं करूं नये. दांतचक्रें व बेअरिंग तेलावांचून थोड्याच अंतरांत तापून निकामी होतात.

अमेरिकेंतील विलीस कंपनीच्या नमुन्याची जीप महिंद्र कंपनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या देशांत जोडूं लागली, व त्याच घाटाच्या गाड्या पुढें अनेक वर्षें येथें तयार झाल्या. या जुन्या गाड्यांची तीन गतींची गिअरपेटी बिडाची असते. तिच्या कुशीस तेल भरण्याचें व तळाशीं तेल सोडण्याचें, अशीं दोन बुचें असतात. मागें जोडलेल्या ट्रान्सफर केसचीं बुचें निराळीं. पेटीवर दिसणारें प्रत्येक बूच तेलाचेंच असतें, असें मात्र समजूं नये. कित्येक गाड्यांच्या पेटींत गिअर जागेवर धरून ठेवणारी गोळी व स्प्रिंग अशाच एखाद्या लहान बुचामागें बसविलेली असते. तें चुकून उघडल्यास नवीनच काम उपस्थित होतें. करितां गाडीच्या पुस्तकांतील आकृति प्रथम पाहावी.

बूच अडकतें त्याचीं कारणें साधीं आहेत. पुष्कळ पेट्यांच्या बुचांचे आटे नळाच्या आट्यांप्रमाणें टोकाकडे निमुळते असतात. असें बूच पाचरीसारखें आंत घट्ट होत जातें, व गळूं नये म्हणून ताकदवान कारागीर त्यास आणखी दोन झटके देतो. पुढें दहा-वीस पावसाळ्यांचा चिखल आणि गंज बाहेरून आटे भरून टाकतो. मागाहून निघालेल्या पुष्कळ मोटारींची पेटी अॅल्युमिनियमची व बूच पोलादाचें असतें. तेथें दोन भिन्न धातूंमध्यें ओल शिरून जो क्षार सांचतो, तो गंजापेक्षांही चिवट असतो.

काम आरंभण्यापूर्वीं गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांस उटी लावावी, व ती उचलणें भाग पडल्यास भक्कम आधारावर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. नंतर तारेच्या ब्रशानें बुचाभोंवतालचा चिखल खरवडून काढावा. बुचास चौकोनी खांच असल्यास तिच्यांतील माती टोकदार खिळ्यानें निपटून काढावी, कारण खांच अर्धी भरलेली असतां पाना वरवर बसतो व कोपरे झिजवितो. मग गंज सोडविणारें पातळ तेल आट्यांच्या कडेस सोडावें. तें न मिळाल्यास रॉकेल चालेल. एकदां तेल सोडून लगेच पाना लावणें व्यर्थ आहे. दिवसांतून दोन-तीन वेळां तेल द्यावें, मधून मधून बुचाच्या डोक्यावर हातोडीनें हलके ठोके द्यावे, व एक रात्र तसेंच राहूं द्यावें. ठोक्यांच्या कंपानें गंज फुटतो व तेलास आंत वाट मिळते. पेटीच्या अंगावर मात्र ठोकूं नये, कारण बिडास तडा जाण्यास वेळ लागत नाहीं.

पाना बुचास तंतोतंत बसणारा हवा. सहा कोनांच्या डोक्यास सहा कोनांचीच गोटी घ्यावी. बारा कोनांची गोटी कडांवर जोर देते व डोकें गोल करून सोडते. चौकोनी खांचेस त्या मापाचा पोलादी चौकोन कानशीनें घासून करतां येतो. बुचासमोर तोंड करून पाहिलें असतां तें डावीकडे फिरून सुटतें. गाडीखालीं उताणें पडलेल्या माणसाचा येथें हटकून घोंटाळा होतो, म्हणून खडूनें बाण काढून घ्यावा. प्रथम किंचित् घट्ट करण्याच्या दिशेनें दाब द्यावा, मग सोडण्याच्या. हातभर पान्यावर तीन हात लांबीचा पाइप चढविला तर तीच ताकद तिपटीनें लागू पडते. परंतु पाना सरळ बसला नसेल तर हीच तिप्पट ताकद बुचाचें डोकें मोडते.

एवढ्यानेंही बूच न हाललें तर उष्णतेचा उपाय आहे. तापवावयाची ती बुचाभोंवतालची पेटी, बूच नव्हे. पेटी तापली म्हणजे भोंक मोठें होतें. अॅल्युमिनियम तर पोलादाच्या जवळ जवळ दुप्पट प्रसरण पावतें, त्यामुळें तसल्या पेटीवर हा उपाय अधिक लागू पडतो. पाण्याचा थेंब टाकतांच चुरकन् उडून जावा, इतपत ऊब पुरे. येथें एक इशारा द्यावाच लागतो. जुन्या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालींच असते. ज्योत पेटविण्यापूर्वीं ती टाकी काढून दूर न्यावी, सांडलेलें रॉकेल पुसून घ्यावें, व वाळूची बादली जवळ ठेवावी. डोकें पार गोल झालें असल्यास त्यावर एक मोठा नट वेल्डिंगनें जोडून घेणें हा उत्तम मार्ग होय, कारण वेल्डिंगच्या तापानेंच बूच बहुधा ढिलें होतें. मात्र हें काम वाकबगार माणसाकडूनच करवावें, व त्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या. बूच ड्रिलनें पोखरून काढणें हा सर्वांत शेवटचा इलाज. त्याचा कीस पेटींत पडतो, व मग पेटी धुतल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

ज्यानें खालचें बूच आधींच उघडून टाकलें आहे, त्यानेंही हताश होण्याचें कारण नाहीं. जीपच्या गिअरपेटीचें वरचें झांकण, ज्यांत गिअरचा दांडा बसविलेला असतो, तें बोल्ट सोडून काढतां येतें. त्यासाठीं गाडीच्या तळाचा पत्रा काढावा लागतो इतकेंच. झांकण काढण्यापूर्वीं दांडा न्यूट्रलमध्यें ठेवावा. वरच्या सपाट कडेपासून अडकलेल्या बुचाच्या भोंकाची खालची कड किती खोल आहे, तें बाहेरून मोजावें, एका तारेवर तितक्याच अंतरावर खूण करावी, व तार आंत उभी सोडून तेल खुणेच्या टोकाशीं येईपर्यंत ओतावें. ही युक्ति निघालेल्या तेलाइतकेंच तेल पुन्हां घालण्यापेक्षां खात्रीची आहे, कारण जुनें तेल गळून आधींच कमी झालेलें असूं शकतें. झांकण परत बसवितांना त्याचे दोन्ही काटे आपआपल्या चक्रांच्या खांचांत बसले कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून बोल्ट आवळूं नयेत.

निघालेलें तेल फेंकण्यापूर्वीं तळहातावर घेऊन पाहावें. बारीक करडा लगदा हा नेहमींच्या झिजेचा. धातूच्या कपच्या निघाल्या तर दांतचक्र तुटलें आहे. तेल दुधासारखें पांढुरकें असेल तर ओढ्यानाल्यांतून जातांना पेटींत पाणी शिरलें आहे, असें समजावें. नवें तेल एस. ए. ई. ९० घ्यावें, व तें जीएल-४ जातीचें असावें. जीपच्या दुसऱ्या व तिसऱ्या गतीचीं जुळणीचीं कडीं पितळेचीं असतात, आणि जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळेस बाधूं शकतात. दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगतो, तिकडे लक्ष देऊं नये.

बूच परत लावतांना आटे स्वच्छ पुसून त्यांस आटे न धरण्याचें ग्रीस किंचित् लावावें. निमुळत्या आट्यांचें बूच बेताच्या दाबानेंच गळती थांबवितें. सरळ आट्यांच्या बुचाखालचा तांब्याचा वॉशर दर खेपेस नवा घालावा. ट्रान्सफर केसच्या बुचांसही हाच क्रम. गाडी पांच-सात मैल फिरवून आणल्यावर दोन्ही बुचांखालीं कोरडें बोट फिरवून पाहावें, आणि तेलाची पातळी पुन्हां एकदां तपासावी.