डोळ्यांस दिसणारी लय

लय म्हटली कीं आपणांस गायन आठवतें; परंतु लय कानाप्रमाणें डोळ्यांसही जाणवते. एकच आकार ठराविक अंतरानें पुनःपुन्हां आला म्हणजे दृष्टि त्या मार्गानें आपोआप पुढें सरकते. भित्तिपत्रक किंवा पुस्तकाचें पान मांडणारानें हें तत्त्व आधीं ध्यानांत घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

याचा पहिला धडा आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकरीच देतो. तिफणीनें पेरलेल्या ज्वारीच्या ओळी पाहाव्या. दोन ओळींमधील जागा रिकामी दिसली तरी ती वायां गेलेली नसते. तींतूनच पुढें डवरा चालतो. कागदावरील कोऱ्या जागेचेंही तसेंच आहे. आकार आणि अंतर मिळूनच लय होते.

लयीचा दुसरा प्रकार लोणारच्या दैत्यसूदन मंदिरांत दिसतो. तेथील बाहेरील भिंती सपाट नाहींत. एक कोन पुढें येतो, त्यालगतचा भाग मागें सरतो. त्यामुळें ऊन व सावली आळीपाळीनें येतात आणि जड पाषाणासही जणूं गति प्राप्त होते.

आपल्या लिपींतही लय आहे. शिरोरेषा शब्दांतील अक्षरें एकत्र बांधते. शब्द संपतांच ती तुटते व दृष्टीस विसावा मिळतो. मुंबईस जावजी दादाजी यांनीं इ. स. १८६९ मध्यें काढलेला निर्णयसागर छापखाना सुबक देवनागरी टायपांकरितां नांवाजला गेला. परंतु उत्तम टाइपही दाटीनें जुळविला तर वाचवत नाहीं.

हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. गांवांत लस टोंचण्याच्या दिवसाचें पत्रक लावावयाचें आहे, असें समजा. तें वेलबुट्ट्यांनीं व अक्षरांनीं गच्च भरलें, तर नुकतेंच वाचावयास शिकलेल्या आजीची नजर ओळीवर ठरत नाहीं, आणि दिवस चुकतो. म्हणून समास रुंद ठेवावा, ओळींतील अंतर सारखें राखावें, आणि ही लय एकाच ठिकाणीं मोडावी: तारीख मोठ्या अक्षरांत, मोकळ्या जागेंत एकटी लिहावी. सर्वत्र सारखेपण असलें म्हणजेच तो एक भेद ठळक दिसतो.

विद्यार्थिमित्रहो, पुढील पत्रक लिहितांना काय लिहावें याबरोबरच काय कोरें ठेवावें, याचाही विचार अवश्य करा.