बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची मोटारसायकल कशी असावी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मोटारसायकल ही केवळ स्वारीची वस्तू राहिलेली नाही. लहान व्यापाऱ्याची ती मालगाडी झाली आहे. पुसद, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा, वणी येथील ठोक दुकानांतून माल उचलायचा, मागे गठ्ठा बांधायचा आणि खेड्यांतील आठवडी बाजार गाठायचा, यावर कितीतरी कापडवाले, बांगडीवाले आणि फेरीवाले यांची रोजी चालते. परंतु कंपन्या जाहिरात करतात ती वेगाची आणि दिसण्याची. पुढच्या काळातील मोटारसायकल आपल्या धंद्याच्या दृष्टीने कशी सुधारली पाहिजे, आणि गाडी घेताना आपण काय तपासले पाहिजे, याचा येथे मुद्देसूद विचार करू.

1) भार वाहण्याची ताकद

चाळीस सुती साड्यांचा गठ्ठा वीस-पंचवीस किलोच्या घरात जातो. असे दोन गठ्ठे मागच्या चाकाच्याही मागे बांधले की पुढचे चाक हलके होते, हँडल नीट धरत नाही आणि चढावर गाडी डगमगते. यात दोष केवळ बांधणाऱ्याचा नाही. गाडीची रचनाच दोन माणसे बसतील अशा हिशेबाने केलेली असते.

यावर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रातच दिसला. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना 1972 मध्ये आली आणि गरिबांची गाडी म्हणून गावोगाव पोहोचली. तिचेच नाव घेऊन फेब्रुवारी 2024 मध्ये विजेवरची ई-लुना बाजारात आली. तिच्यात चालकाच्या पुढे माल ठेवायला मोकळी जागा दिली, मागचे सीट काढता येईल असे केले आणि 150 किलो भाराचा दावा केला. माल दोन्ही चाकांच्या मध्ये आणि खालच्या बाजूला ठेवला की तोल राहतो. मोटारसायकलीतही मजबूत कॅरिअर, भारानुसार कमी-जास्त करता येणारे शॉकअप आणि गठ्ठा बांधण्याचे पक्के हूक कारखान्यातूनच मिळाले पाहिजेत.

2) कपडा चाकात जाऊ नये

कापडाच्या धंद्यात असल्यामुळे हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मागे बसलेल्या आया-बहिणींचा पदर, ओढणी किंवा बुरखा चाकात अथवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात फार भयंकर असतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमानुसार मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, धरण्यासाठी आधार आणि पाय ठेवण्याची सोय आवश्यक आहे. तरीही कित्येक तरुण गाडी घेतल्याबरोबर साडीगार्ड काढून टाकतात. नव्या धाटणीच्या अनेक गाड्यांची चेनही उघडीच असते. पूर्ण बंद चेनकव्हर आणि गाडीच्या रूपात शोभेल असे साडीगार्ड ही सुधारणा फार खर्चाची नाही. ग्राहकाने मागणी केली तर ती नक्की होईल.

3) ब्रेक

सन 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी शेकडा 44 हून अधिक दुचाकीवरची होती. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना निदान सीबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. एबीएसमध्ये चाक जाम होऊ लागताच ब्रेक क्षणाक्षणाला सुटतो व पुन्हा लागतो, त्यामुळे गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, तेव्हा माल लादलेल्या गाडीला याची खरी गरज असते. म्हणून लहान गाड्यांतही एबीएस हवे.

4) इंधनाचा हिशेब

5 जुलै 2024 रोजी पुण्यात बजाजने ‘फ्रीडम 125’ ही सीएनजीवर चालणारी जगातील पहिली मोटारसायकल आणली. सीटखाली 2 किलो गॅसची टाकी आणि सोबत 2 लिटर पेट्रोल. दोन्ही मिळून सुमारे 330 किलोमीटर धावेल, असा कंपनीचा दावा आहे. कल्पना चांगली आहे, पण आपल्या बाजाराच्या वाटेवर गॅसचा पंप आहे का, हे आधी पाहावे.

विजेच्या गाडीचा हिशेब असा मांडावा. समजा, महिन्याला 1,250 किलोमीटर फिरणे होते. लिटरला 50 किलोमीटर धरले तर 25 लिटर पेट्रोल लागेल. 105 रुपये भाव धरल्यास 2,625 रुपये झाले. विजेची गाडी 2 युनिटमध्ये भारासह 80 किलोमीटर चालली, तर सुमारे 31 युनिट लागतील. चार्जिंगमधील घट धरून 36 युनिट, आणि 10 रुपये दराने 360 रुपये. फरक मोठा दिसतो, पण तो सगळा नफा समजू नये. बॅटरी एक दिवस बदलावी लागणार. त्यासाठी दरमहा काही रक्कम बाजूला काढल्यावर जे उरेल तीच खरी बचत.

शिवाय आपल्याकडचा उन्हाळा कडक. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. 2022 मध्ये काही विजेच्या दुचाकींना आगी लागल्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 पासून दोन टप्प्यांत कडक केले. उष्णता अधिक सोसणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी आपल्या भागाला योग्य. बाजारातून आल्याबरोबर तापलेली गाडी चार्जिंगला लावू नये. तिला सावलीत थंड होऊ द्यावे.

5) दुरुस्ती आणि मिस्त्रीची रोजी

हा मुद्दा आपल्या कारागीर बंधूंसाठी सर्वांत गंभीर आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर व सेन्सर आले. कानाने इंजिनाचा आवाज ओळखणारा उस्तादसुद्धा आता स्कॅनरशिवाय अडतो. विजेच्या गाडीत तर पिस्टन, क्लच, प्लग काहीच नाही. जो मिस्त्री शिकणार नाही, त्याच्या दुकानासमोरची रांग दरवर्षी कमी होईल. आणि गावात मिस्त्री नसेल, तर व्यापाऱ्याचा एक बाजार बुडून त्या दिवसाची कमाई जाईल.

म्हणून दोन्ही बाजूंनी प्रयत्न हवेत. कंपन्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि स्कॅनर बाहेरच्या मिस्त्रींनाही वाजवी दरात द्यावेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. मिस्त्रींनी चार-पाच जण मिळून एक स्कॅनर घ्यावा आणि मुलांना आयटीआयमध्ये वायरिंग व इलेक्ट्रॉनिक्स शिकवावे. लोहारकाम, वेल्डिंग, सीट शिवणे हे हुनर ज्यांच्याजवळ आहेत, त्यांना चांगले कॅरिअर आणि साडीगार्ड बनवण्यात नवे कामही मिळू शकते.

सारांश, पुढची गाडी घेताना रंग आणि वेगाआधी पाच प्रश्न विचारा: भार किती? कपड्याला संरक्षण आहे का? ब्रेक कोणता? दर किलोमीटरला एकूण खर्च किती? आणि आपल्या गावात ती दुरुस्त होते का? दुकानात उभे राहून हे प्रश्न दहा ग्राहकांनी विचारले, की अकराव्या वेळी विक्रेता ते कंपनीला कळवतो. बाजारात सुधारणा अशीच होते.