दृश्य साधनांचा परिणामकारक वापर : चित्र थांबवा, प्रश्न विचारा

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. तेव्हापासून ही अळी शेतकऱ्यांना वेळेत ओळखता यावी, हे विस्तार कार्यकर्त्यांचे महत्त्वाचे काम ठरले आहे. पूर्ण वाढलेली अळी साधारण तीन ते चार सेंमी लांब असते. पडद्यावर मात्र ती हातभर दिसते. चित्रात आकाराचे प्रमाण नसेल, तर ‘एवढी मोठी अळी आमच्या शेतात नाही’ असा शेतकऱ्यांचा समज होऊ शकतो. तोवर अळ्या पोंग्यात शिरतात आणि नियंत्रण अवघड होते.

म्हणजेच केवळ चित्र दाखविणे पुरेसे नाही. याविषयीचा एक उद्बोधक प्रयोग बेंगळुरूशी निगडित आहे. तेथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च प्रयोगशाळेत २००६ मध्ये ‘डिजिटल ग्रीन’ उपक्रम सुरू झाला. त्यातील चित्रफितींत स्थानिक शेतकरीच आपल्या शेतात, आपल्या भाषेत माहिती देत. गावातील लहान गटांपुढे चित्रफीत दाखविताना स्थानिक सूत्रधार ती मध्येच थांबवून प्रश्न विचारी आणि चर्चा घडवून आणी. १६ गावांतील १३ महिन्यांच्या चाचणीत, पारंपरिक विस्तार पद्धतीच्या तुलनेत काही शेतीपद्धतींचा स्वीकार सहा ते सात पटींनी अधिक आढळला. या यशात चित्रफितीइतकाच सूत्रधाराचाही वाटा होता.

आपल्या सादरीकरणात पुढील बाबी पाळाव्यात :

१. एका चित्रात एकच मुद्दा असावा. उदा. प्रथम अळीच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण, नंतर शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके.

२. किडीच्या छायाचित्रात शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी.

३. मोठ्या अळीआधी लहान अळीने खरवडलेल्या पानावरील पारदर्शक चट्टे दाखवावेत; उपाययोजनेची योग्य वेळ तीच असते.

४. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवू नये. श्रोत्यांकडे तोंड करून बोलावे; शेवटच्या रांगेतून अक्षरे दिसतात का, हे आधीच तपासावे.

५. चित्र थांबवून ‘हे आपल्या शेतात पाहिले आहे का?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी वेळ द्यावा.

६. वीज खंडित झाल्यास उपयोगी पडावेत म्हणून प्रादुर्भावग्रस्त पाने आणि बंद बाटलीतील नमुने जवळ ठेवावेत.

अखेरीस श्रोत्यांना जवळच्या मक्याच्या शेतात न्यावे आणि त्यांनाच अळी शोधू द्यावी. ती त्यांना सापडली, तरच आपले चित्र समजले असे मानावे.